उष्टा धोटा

धोटा ओला होता. एवढंच. गलाभाईनं तो सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला, त्याचे गाल आत गेले, चिनीमातीच्या बारक्या डोळ्यातून सुताचं टोक सुळकन बाहेर आलं, आणि त्यानं तो न पुसता, सवयीनं हाताला हात लागू न देता, जगदेवच्या तळव्यावर वरून सोडला. मिसरूड फुटल्यापासून जगदेव धोटे हाताळत आला होता. आडवं सूत पोटात घेऊन मागाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धावणारा तो लाकडी मासा. त्याचं वजन त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण हा ओला होता, आणि मैदानात बसलेली सारी गिरणी त्याच्या तोंडाकडे बघत होती. धोट्यातली कांडी संपली की विणकरानं नवी घालायची आणि तिचं सूत त्या डोळ्यातून ओठांनी ओढून काढायचं. बडोद्यात काय, अमदावादेत काय, मुंबईत काय, रीत हीच. दुसरी नाहीच, असं सगळे धरून चालत. आणि तोंड लावायचं म्हणूनच साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मराठे होते, पाटीदार होते, मुसलमान होते, पण वणकर एकही नव्हता. वणकर! ज्यांच्या जातीचं नावच विणण्यावरून पडलं, ज्यांच्या घरात बापजाद्यांपासून हातमागाचा खड्डा, ते अस्पृश्य. त्यांनी सूत कातायच्या थ्रॉसल खात्यात खोकत मरायचं. त्यांनी कातलेलं सूत चाले. त्यांची थुंकी चालत नसे. महाराजांच्या हीरक महोत्सवाच्या कमानी अजून उतरल्या नव्हत्या. अंत्यजांसाठी शाळा काढल्या म्हणून न्यायमंदिराच्या बाजूला भाषणं झाली होती, टाळ्या पडल्या होत्या. गिरणीच्या फाटकाच्या आत भाषणं येत नसत.

"ल्यो जगदेवराव," वणकरांतर्फे बोलणारा गलाभाई म्हणाला. "तुमीच म्हणालेलात ना चहाच्या दुकानावर, पोट एक तर धोटा एक? तो आ धोटो. माझं तोंड लागलं, आता तुमचं लावा. सूत काढा. उद्या सवारे थ्रॉसल बंद. एक पण माणूस आत जाणार नाही, माझी जबान."

शेठनं फाटकावर लावलं होतं की होळीनंतर माणशी दोनऐवजी चार माग. म्हणजे साळखात्यातली निम्मी माणसं घरी. म्हणून ही सभा. गिरणीमागच्या लिंबाखाली मजूर मंडळाच्या दोन जाजमा पसरल्या होत्या, एक मोठी, एक बाजूला लहान. लहान जाजमीवर वणकर. पाण्याचे माठ दोन. वर्गणीचा डबा मात्र एकच. डब्याला विटाळ नव्हता. मंडळाचे सेक्रेटरी लक्ष्मीकांत वकील मोठ्या जाजमीच्या कडेला, दोन्हीकडे पाय टाकता येतील असे उभे होते. ते मघापासून हिशेब समजावून सांगत होते. साळखातं एकटं बंद पडलं तर शेठ सूत बाहेर विकेल आणि आरामात बसेल. थ्रॉसल बंद पडलं तर सूतच नाही, मग शेठ आठवड्यात गुडघ्यावर. म्हणजे थ्रॉसल पाहिजे. म्हणजे वणकर पाहिजेत. आणि वणकर म्हणत होते, गेल्या दिवाळीत आमची माणसं काढली तेव्हा तुम्ही माग बंद केलेत? मंडळ तेव्हा कुठे झोपलं होतं? आता तुमच्या बुडाला चटका बसला तर भाई भाई? ठीक, भाई तर भाई. आमच्या माणसांना साळखातं उघडा.

"घ्या हो, जगदेवराव," वकील खालच्या आवाजात म्हणाले, "हा धोटा नाही, उद्याच्या सगळ्या चुली आहेत."

"मग तुम्हीच घ्या ना तोंडात, वकीलसाहेब," धनाजीराव मागून ओरडला. जगदेवच्या शेजारच्या मागांवरचा हा माणूस, आवाज नगाऱ्यासारखा.

"मी विणकर नाही, धनाजीराव."

"आयला, खाताना सगळे एका पंगतीत, आणि विष चाखायला मराठा!"

हसले सगळे. लहान जाजमीवरचेही एक-दोन हसले, सवयीनं. जगदेवला हसू आलं नाही. त्याला धोट्याचा वास आला. तेल, लाकूड, कांजी आणि वर गलाभाईची बिडी. बिडीचा वास त्याला नवा नव्हता, आणि हीच तर गंमत. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या पिलाजीरावांनी त्याच्या तोंडात असाच धोटा कोंबला होता, त्यावर कुणाचं तरी पान होतं, लाल, सुपारीचा चोथा डोळ्यात अडकलेला. "ओढ," पिलाजीराव म्हणाले होते, "बायकोला ओठ लावतोस तसं नाही रे गाढवा, विंचवाचं विष ओढतात तसं." त्यानं ओढलं, सूत आलं, सुताबरोबर कापसाचा बारीक केस घशात गेला आणि तिथेच राहिला. तो अजून तिथेच आहे असं त्याला कधीकधी वाटे. तोच एक केस, वाढत वाढत आता छातीभर झालेला. मग बदली कामगारांचे धोटे, मागचा माणूस आजारी पडला की त्याचे धोटे, क्षयानं मेलेल्या अब्दुलचे धोटे, रमजानात दिवसभर थुंकी न गिळणाऱ्यांचे धोटे. इतक्या जणांचं उष्टं त्यानं चोखलं होतं की त्याच्या तोंडात त्याची स्वतःची थुंकी किती उरली असेल कोण जाणे. घरी मात्र मथुराबाई दुसऱ्याच्या ताटातली कोशिंबीर त्याला वाढत नसे. घराण्याचा शिरस्ता. आजा गायकवाडांच्या पागेत शिलेदार होता. भिंतीवर त्याची तलवार टांगलेली होती, पाडव्याला तिच्यावरची धूळ पुसून हळदकुंकू लावायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत धूळ बसू द्यायची. शिलेदाराचा नातू धोटे चोखतो, हे तलवारीला कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या दुकानावर तो ते पोट आणि धोट्याचं वाक्य बोलला तेव्हा खरंच मनापासून बोलला होता. ते कुणाच्या लक्षात राहील असं त्याला वाटलं नव्हतं. चांगली वाक्यं माणूस यासाठीच बोलतो, की ती कुणाच्या लक्षात राहू नयेत.

पण अडचण गलाभाईच्या थुंकीची नव्हतीच. ती खरी अडचण असती तर बरं झालं असतं. गेल्या पावसाळ्यापासून जगदेवनं एकाही धोट्याला तोंड लावलं नव्हतं. एका सकाळी त्यानं ओठ लावले, ओढलं, आणि काही आलं नाही. आत हवाच नव्हती. पुन्हा ओढलं. डोळ्यांपुढे काजवे आले, कानात साळखात्याचा सगळा खडखडाट एकदम बंद झाल्यासारखा झाला आणि छातीत कुणीतरी ओली गोणी पिळली. सूत जागचं हललं नाही. माग उभा राहिला. धनाजीरावानं मान वळवायच्या आत त्यानं बोटानं, नखानं, दातानं कसंबसं ते टोक उपसलं. त्या संध्याकाळी घरी मथुराबाई तोरण विणत बसली होती. तिची क्रोशाची सुई, बारीक, पोलादी, टोकाला इवलासा आकडा. ती सरपण आणायला उठली आणि सुई जगदेवच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी मागाच्या आडोशाला त्यानं ती धोट्याच्या डोळ्यातून आत घातली, आकड्यात सूत धरलं, ओढलं. आलं. तोंड न लावता. वेळ लागे; ओठांच्या दुप्पट लागे; पण दोन मागांवर निभे. कुणी बघायला लागलं की तो धोटा तोंडाजवळ नेऊन चोखल्याचं सोंग करी. खोकल्याला कारण हवं म्हणून त्यानं तपकीर सुरू केली. लोक म्हणत, जगदेवरावांना तपकिरीचं व्यसन लागलं. घरी मथुराबाईनं सुई शोधशोध शोधली आणि शेवटी भिंतीपलीकडच्या कौसल्येवर आळ घेतला, कारण त्या दिवशी ती ताक मागायला आली होती. दोघी भांडल्या. दांडिया बाजारची ती सबंध गल्ली ऐकत होती. कौसल्या रडून म्हणाली, माझ्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, नाही घेतली. मथुराबाई म्हणाली, चोरांना पोरांची काय पडलीय. जगदेव आत बसून तपकीर ओढत होता. सुई त्याच्या खिशात, मांडीला टोचत.

आताही ती खिशातच होती. ओला धोटा डाव्या हातात, सुई उजव्या खिशात, आणि सगळी गिरणी मध्ये. त्याला एकदम, भलत्याच वेळी, भलतंच स्वच्छ दिसलं की या सभेचा सगळा तिढा त्याच्या खिशात आहे. सुई काढायची. वर धरायची. म्हणायचं, हे बघा, तोंड लावायचंच नाही कुणी. मग कसली थुंकी, कसला विटाळ, कसल्या दोन जाजमा? वणकरांना माग द्या, प्रत्येकाला असा आकडा द्या, सवारे थ्रॉसल बंद, शेठ गुडघ्यावर. एवढं सोपं. आणि मग धनाजीराव विचारणार, "जगदेवराव, तुम्ही कधीपासून?" आणि "का?" त्या "का"चं उत्तर एकच, आणि ते साऱ्या साळखात्याला समजणारं: या माणसाच्या छातीत वारा उरलेला नाही. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, उद्या सकाळी त्याला मागावरून उठवणार. संप जिंकला तरी उठवणार, हरला तरी उठवणार. दम नसलेल्या विणकराला मंडळही वाचवत नाही. मंडळ माणसांसाठी असतं, फुटक्या भात्यांसाठी नाही. आणि न बोलता धोटा तोंडाला लावायचा तर? लावला असता. ईश्वरशपथ लावला असता. पण सूत आलं नसतं. सगळ्यांपुढे गाल आत ओढून, डोळे बाहेर काढून तो उभा राहिला असता आणि सूत आलं नसतं. वणकर म्हणाले असते नाटक करतो, मराठे म्हणाले असते बाटला, आणि जॉबर म्हणाला असता, अच्छा.

बाकी काय उरलं? एकच उरलं. ते भिंतीवर टांगलेलं होतं, आयतं, हळदकुंकू लावलेलं.

"नाही," जगदेव म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. खोट्याला दम लागत नाही. "पोटासाठी काय वाटेल ते करीन, पण जात नाही घालवणार. माझा आजा पागेत होता. मी हा धोटा तोंडाला लावणार नाही."

लिंबात उत्तरायणाचा अडकलेला मांजा वाऱ्यावर हलत होता, त्याला एक फाटका पतंग. मग धनाजीरावानं आरोळी ठोकली आणि मोठी जाजम उठली. "वा रे पठ्ठ्या!" पाटीदार ओरडले, मुसलमानांनीही माना डोलावल्या, त्यांनाही वणकराचं उष्टं नको होतं. जगदेवला कुणीतरी खांद्यावर उचललं. वरून त्याला लहान जाजम दिसली. गलाभाई जागचा हलला नव्हता. धोटा कुणीतरी त्याच्याकडे मातीत फेकला होता. त्यानं तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, अगदी नीट, आपलीच थुंकी, आणि जगदेवकडे बघून म्हणाला, "तुमच्यावरच भरोसो होता." शिव्या दिल्या असत्या तर जगदेवला तोंड वर करून उलट देता आल्या असत्या. हे नुसतंच सांगितलं, पत्ता सांगावा तसं.

संप झाला. एकट्या साळखात्याचा. थ्रॉसल चालू राहिलं, सुताच्या गाठी रोज स्टेशनकडे जात राहिल्या, फाटकावर मराठे आणि पाटीदार घोषणा देत राहिले आणि वणकर त्यांच्यामधून, खाली मान घालून, आत जात राहिले. त्यांना दगड मारायचं धनाजीरावाच्या मनात होतं, वकिलांनी आवरलं. होळी आली, घराघरात भांडी विकायला निघाली, मग वकील शेठच्या बंगल्यावर गेले आणि समेट घेऊन आले. माणशी चार माग कबूल. निम्मी माणसं कमी करणं कबूल. पण, वकिलांनी बोट वर केलं, पण कुणाला कमी करायचं ते मंडळ ठरवणार, शेठ नाही. आणि ज्यांच्या तोंडाचा विटाळ होतो अशांना साळखात्यात घेतलं जाणार नाही. हा आपला विजय आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे उद्या बेकार होणार होते आणि कोणते निम्मे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या.

मंडळानं जगदेवला ठेवलं. धर्म राखणाऱ्याला काढायचं कसं? धनाजीरावाला काढलं. तो संध्याकाळी ताडी पिऊन जगदेवच्या दारात आला आणि उंबऱ्यावर बसला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"शेठ काढता तर लाथ मारून काढता," तो म्हणाला. "मंडळानं हात जोडून काढलं. येवढाच फरक पडला आपल्या मंडळाचा."

"असं नको बोलू, धनाजी. मंडळ नव्हतं तेव्हाचं आठव. जॉबर छडी घेऊन फिरायचा. पिलाजीराव मागाच्या पट्ट्यात सापडून गेले तेव्हा त्यांच्या म्हातारीला आधी कुणी विचारलं होतं? मंडळानं भांडून तिला भरपाईचं काहीतरी मिळवून दिलं."

"दिलं ना! मेल्यावर देतं मंडळ. जिवंत माणसाला काय देतं?" धनाजीराव हसला. "बरं, मला सांग, वणकरांना बरोबर घेतलं असतं तर आज मी इथे बसलो असतो?"

जगदेवनं तपकिरीची डबी काढली.

"मीच ओरडलो म्हणा तेव्हा. वा रे पठ्ठ्या! तुला खांद्यावर मीच घेतलं. हलका होतास रे. काय खातबीत नाहीस का?" त्यानं खाली वाकून जगदेवच्या पायांना हात लावला, आणि हा ताडीचा नमस्कार की शिवी, ते जगदेवला कळलं नाही. "धर्म राखलास बाबा. आता माझी पोरं धर्म खातील."

त्यानंतर आले चार माग. ज्यानं कधी चार माग एकट्यानं हाकले नाहीत त्याला ते सांगून कळायचं नाही. इकडची कांडी बदलेपर्यंत तिकडची संपते, ती बदलेपर्यंत तिसऱ्यावर उभा धागा तुटतो, चौथा माग उगाच उभा राहून तुमच्याकडे सावकारासारखा बघत राहतो. ओठांनी ओढणारे तरणेबांड धापा टाकत होते. जगदेवकडे सुई होती. सुई दोन मागांना पुरे, चाराला पुरेना. हात थरथरायला लागले, आकडा डोळ्याच्या चिनीमातीवर टकटक आपटे आणि सूत हुके. जॉबर शिव्या देऊन गेला. दुपारी मॅनेजर साहेब फिरत आले, चकचकीत बूट, नाकाला रुमाल. जगदेवचे चारांतले तीन माग उभे. तो चौथ्याच्या धोट्याशी झटत होता, पाठ वळलेली, आणि या खडखडाटात बूट ऐकू येत नाहीत.

"हे काय आहे हातात?"

जगदेव वळला. सुई लपवायची वेळ गेली होती. एवढ्या दिवसांची भीती आली, उभी राहिली, आणि नवल म्हणजे तिचं तोंड हसरं होतं. साहेब वाकून बघत होते. "पुन्हा करून दाखव." त्यानं करून दाखवलं, आता हात थरथरला नाही. सूत आलं. "तोंड लावावं लागत नाही?" "नाही साहेब." "बिलकुल नाही?" "बिलकुल नाही." साहेबांनी सुई हातात घेतली, उजेडात धरली. "कोणाचं डोकं हे?" आणि जगदेवची छाती, ती फुटकी, वारा गेलेली छाती, फुगली. साऱ्या जन्मात गिरणीतल्या कुणीही त्याला विचारलं नव्हतं की अमुक कुणाच्या डोक्यातून निघालं. "माझं, साहेब," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. खोकला आला तो त्यानं गिळला. त्या संध्याकाळी तो लहरीपुऱ्यातून पेढे घेऊन घरी गेला. मथुराबाईनं विचारलं कशाचे, तर म्हणाला साहेब खूश झाले. वेडा. माणूस एवढा वेडा असतो, म्हणूनच गिरण्या चालतात.

गिरणीच्या लोहारानं तसले आकडे घडवले, सुईपेक्षा लांब, लाकडी मुठीचे. मग मॅनेजरनं वकिलांना बोलावून समेटातली ओळ वाचून दाखवली. ज्यांच्या तोंडाचा विटाळ होतो. बरोबर? आता तोंडच लागत नाही. तर मग विटाळ कसला? वकिलांनी चष्मा पुसला आणि मुद्दा निकालात निघाला असं कबूल केलं. ते प्रामाणिक माणूस होते, कायद्यानं दिसेल तेवढं कबूल करत. वणकर साळखात्यात आले. कमी पगारावर आले, चार-चार मागांवर आले, आणि उरलेले मराठे-पाटीदार जायला लागले. मंडळाची पुन्हा सभा झाली. या वेळी मोठ्या जाजमीवर माणसं थोडी होती. आपण एक राहिलं पाहिजे असं वकील म्हणाले. सुधारणा झाली असंही कुणी कुणी बाहेर म्हणालं. झालीच म्हणायची.

जगदेवला काढलं तेव्हा जॉबरनं सांगितलं, जाण्याआधी नव्या माणसाला आकडा शिकवून जा, तुझीच अक्कल आहे ती. नवा माणूस गलाभाई होता. तो जगदेवच्या मागांशी उभा राहिला, एकेकावर हात फिरवून बघितला, घोडा बघावा तसा. त्याच्या बापाचा हातमाग जमिनीत होता, पाय खड्ड्यात सोडून चालवायचा. हे उंच, लोखंडी, पट्ट्यावर चालणारं जनावर त्याला नवं होतं, पण कापड नवं नव्हतं. जगदेवनं खिशातली सुई काढली. लोहाराचा आकडा त्यानं घेतलाच नव्हता. हाताला हीच बसली होती. त्यानं दाखवलं. इथून घालायची, असा झोका द्यायचा, सूत धरायचं, ओढायचं. खडखडाटात ओरडावं लागत होतं, आणि ओरडायला दम नव्हता, म्हणून तो कानाशी जाऊन बोलला. इतक्या जवळ ते दोघं कधीच उभे राहिले नव्हते.

गलाभाईनं सुई मागितली. जगदेवनं त्याच्या हातात दिली. वरून टाकली नाही, दिली. गलाभाईनं ती नखावर फिरवली. आकड्याची कड झिजून गुळगुळीत झालेली, जिथे सूत बसतं तिथे खळगा पडलेला. ज्याचा बाप विणकर त्याला हत्याराचं वय विचारावं लागत नाही. तो बराच वेळ तो खळगा बघत राहिला. मग त्यानं तोंड जगदेवच्या कानाजवळ आणलं.

"आ जुनी छे."

जगदेवनं सुईसाठी हात पुढे केला.

"ते दिवशी मैदानात खिशात होती?"

या वेळी खोटं बोलायला काही कारण नव्हतं. सभा नव्हती, तलवार नव्हती, जायची नोकरीही गेली होती. "होती," जगदेव म्हणाला, आणि ते खडखडाटात ऐकू गेलं नाही, पण ओठ दिसले. साळखात्यात ओठच ऐकतात.

गलाभाईनं मान हलवली. मग त्यानं सुई मागाच्या कडेला ठेवली, धोटा उचलला, उजेडात धरला, आणि सरळ तोंडाला लावला. गाल आत गेले. एका ओढीत सूत बाहेर. धोटा जागेवर बसवला, दांडा ओढला, माग सुटला. दुसऱ्या मागाकडे गेला. तिथेही ओठ. तिसऱ्याकडे गेला. त्याला घाई नव्हती. मोठी, भरलेली, निरोगी छाती, थ्रॉसलच्या कापसानं अजून न खाल्लेली. खाईल, जगदेवला वाटलं, हिलाही खाईल, वेळ आहे. चौथा माग सुरू झाल्यावर गलाभाई परत आला, कडेवरची सुई दोन बोटांत उचलली आणि जगदेवच्या पुढे धरली, हाताला हात लागू न देता.

"ल्यो. बायडीने आपजो," तो म्हणाला. बायकोला द्या.

ऊन होतं. जगदेव स्टेशनकडून चालत आला, मध्ये मध्ये थांबत, दुकानांच्या फळ्यांवर बसत. घरी मथुराबाई निवडत बसली होती. त्यानं काही न बोलता सुई तिच्या पुढच्या सुपात टाकली. ती तांदळात पडली. मथुराबाईनं ती उचलली, ओळखली, आधी सुईकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. भिंतीपलीकडे कौसल्या पोराला काही म्हणत होती, तिचा आवाज येत होता. रोज यायचा, ह्या घरात कुणी तो ऐकत नसे.

"तुमच्याकडे होती?"

"हो."

"सगळे दिवस?"

"हो. नोकरी गेली आज."

मथुराबाईनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. जगदेवला वाटलं, आता ही उठेल, भिंतीपाशी जाईल, हाक मारील. कुणीतरी एकदा उठून भिंतीपाशी जावं असं त्याला फार वाटलं. दुसऱ्या कुणीतरी. मथुराबाई उठली. तिनं पुढचं दार लावून घेतलं, आवाज न करता. मग सुई हळूच चुलीमागच्या राखेच्या घमेल्यात खुपसली, वरून राख सारखी केली आणि हात पदराला पुसले.

"सुई कौसल्येनंच नेली होती," ती म्हणाली. "उद्या ताक मागायला मला तिच्याच दारात जावं लागणार आहे. तिच्यापुढे मी चोर ठरायची नाही. कळलं?"

जगदेवनं मान हलवली. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.